चाळिशीत कळलं मी ऑटिस्टिक आहे. सासूबाईंना सांगू का?

उंबराचं_फूल
एरवी वाचनमात्र असते, पहिलाच धागा आहे, लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ४१, डोंबिवली. एका सीएच्या ऑफिसात जीएसटीचं काम करते. घरी नवरा, सहावीतली मुलगी आणि सासूबाई. गेल्या महिन्यात ऑटिझम स्पेक्ट्रमचं निदान झालं. मुलीचं नाही, माझं. हे दोनदा सांगावं लागतं, नवऱ्यानेही आधी "कोणाला?" असंच विचारलं.

अकरा वर्षं कधी ॲन्झायटी तर कधी डिप्रेशन म्हणून गोळ्या चालू होत्या, थोडं बरं वाटायचं पण मूळ दुखणं जागच्या जागी. यावेळी नवीन डॉक्टरबाईंनी विचारलं लहानपणी काय खेळायचात? म्हटलं खेळायचे नाही, लग्नपत्रिका गोळा करायचे. त्या म्हणाल्या सांगा त्याबद्दल, आणि मी चाळीस मिनिटं थांबलेच नाही. आमच्याकडे पत्र्याची जुनी ट्रंक होती, त्यात सगळ्या पत्रिका मुहूर्ताच्या वेळेप्रमाणे लावलेल्या. गणपती, सोनेरी कडा, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, मला फक्त ११ वाजून २२ मिनिटं, १२ वाजून ३७ मिनिटं हे आकडे हवे असायचे. सकाळचे वर, गोरज सगळ्यात तळाला. कोणी मधली एक काढून परत भलतीकडे ठेवली तर मी जेवायचे नाही. आई, आत्या हसायच्या, पोरीला लग्नाची भारी हौस! अहो लग्नात तर मी रडायचे, बँड सुरू झाला की मांडवामागे भांडी घासायच्या जागेत जाऊन बसायचे. पण मुलगी आणि लग्नपत्रिका, कोणाला कशाला शंका येतेय. भावाने रेल्वेचं टाइमटेबल असं पाठ केलं असतं तर निदान कोणीतरी म्हटलं असतं की पोरगा जरा वेगळा आहे.

आता अडचण अशी की पुढच्या महिन्यात दिरांच्या मुलीचं लग्न आहे, कार्य आमच्याच घरून, चार दिवस पंधरा-वीस माणसं घरात. मागे नणंदेच्या मुलाच्या मुंजीत मी बाथरूममध्ये नळ सोडून पाऊण तास बसले होते. बाहेर आले तर मावससासूबाई कोणालातरी सांगत होत्या, "शिष्ट आहे हो, चार माणसांत मिसळायला नको." शिष्ट, तुसडी, घुमी, आगाऊ, बालवाडीपासून ऐकतेय. (घुमी आणि आगाऊ एकाच वेळी कसं असता येतं देव जाणे.)

नवरा म्हणतो आईला झेपणार नाही, सांगू नको. मला वाटतं सांगावं. पण सांगायचं तर कोणत्या शब्दात? ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण मला "स्वमग्न" म्हणायचं नाहीये, स्वतःतच मग्न म्हणजे फिरून शिष्टच झालं ते.

कर्दळ
मुहूर्ताप्रमाणे लावलेल्या पत्रिका!! किती गोड. पण हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत), सांगू नका. एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत आत येत नाही. तुम्ही सांगणार ऑटिझम, मावससासूबाईंपर्यंत पोचेपर्यंत त्याचं "डोक्याचं काहीतरी आहे" झालेलं असणार. लग्नघरात तर विचारू नका.

निवृत्त_नाना
राग मानू नये. आमच्या वेळी अशी माणसं प्रत्येक वाड्यात असत, कोणी एककल्ली, कोणी घुमं, पण संसार झाले, मुलं शिकली, कोणाचं काही अडलं नाही. हल्ली प्रत्येकाला स्वतःसाठी एक लेबल पाहिजे. तुम्ही नोकरी करता, इतकं मुद्देसूद लिहिता, कसला ऑटिझम? थोडा प्राणायाम आणि थोडं माणसांत मिसळणं, एवढ्याने भागेल. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

कर्दळ
नाना, कोणाचं काही अडलं नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं, त्या घुम्या बायकांनी का?

बिनसाखरेचा_चहा
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, धाग्यावर निदान करत नाही आणि कोणी मागूही नका. पण नानांच्या "इतकं मुद्देसूद लिहिता" वर लिहायलाच हवं.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ज्या ११ मुलांवर ऑटिझमचा तो प्रसिद्ध लेख लिहिला त्यात ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढची कितीतरी वर्षं ऑटिझम म्हटलं की मुलगाच डोळ्यासमोर आला, चाचण्याही त्यालाच बघून बेतल्या गेल्या, मग त्या चाचण्यांत मुलगेच जास्त सापडणार यात नवल काय. चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण आम्ही पाठ केलं होतं. २०१७ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा ते तीनास एकच्या आसपास निघालं, आणि जिथे आधीच निदान झालेल्यांवर विसंबून न राहता लोकांत जाऊन शोधलं तिथे मुली जास्त सापडल्या. म्हणजे मुली होत्याच, आपण बघत नव्हतो. गंमत म्हणजे कॅनरच्याही आधी, १९२६ मध्ये, ग्रुन्या सुखारेवा नावाच्या सोव्हिएत डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांचं अगदी ओळखू येईल असं वर्णन केलं होतं, आणि नंतर मुलींवरही लिहिलं होतं. ते बरीच वर्षं पडून राहिलं.

दुसरं, आवाज, वास, कपड्याचा स्पर्श यांचा त्रास हा निदानाच्या निकषांत थेट आला तो २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक निदानांचं अमेरिकन निकष-पुस्तक). त्याआधी जरीची साडी टोचते म्हणून रडणारी मुलगी नखरेल ठरायची, अजूनही ठरते.

आणि मिसळण्याबद्दल. मुलींना आपण लहानपणापासून हसून बोल, पाहुण्यांना पाणी दे, तोंड वाकडं करू नको हे जे शिकवतो ना, ते मास्किंगचं, म्हणजे स्वतःचं वेगळेपण लपवून वागण्याचं, फुकट ट्रेनिंगच आहे. ती वरवर छान मिसळते. घरी आल्यावर तिचं काय होतं हे कोणी बघत नाही. यासाठी आता २५ प्रश्नांची एक वेगळी प्रश्नावली सुद्धा आहे, कोण किती लपवतंय हे बघायला. त्यामुळे नाना, हिला अजून मिसळायला सांगणं म्हणजे पाय मुरगळलेल्याला जरा पळून ये म्हणण्यासारखं आहे.

लेस्टरची_लेक
+१ चहा. मी इकडे यूकेत आहे, मला ३६ व्या वर्षी कळलं. इकडे सरकारी यंत्रणेतून निदान मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, मी शेवटी पैसे भरून केलं. पण एकदा कागद मिळाला की इक्वॅलिटी ॲक्ट २०१० खाली ऑफिसला रीझनेबल ॲडजस्टमेंट (गरजेप्रमाणे कामाच्या ठिकाणी वाजवी बदल) द्यावी लागते. मी फक्त भिंतीकडची जागा आणि मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी मागितले. दोन्ही फुकटच्या गोष्टी. भारतात त्या कागदाचा काही उपयोग होतो का?

बिनसाखरेचा_चहा
कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. पण बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट. आणि मोजायला आपल्याकडे जी पट्टी वापरतात, आयएसएए (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम), त्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली असलात तर ऑटिझम नाहीच. त्यातले बरेचसे मुद्दे लहान मुलाला समोर बसवून बघायचे. धागाकर्तीसारखी कमावती, बोलकी बाई तिथे बसली तर ७० पर्यंत पोचणं कठीण. म्हणजे निदान खरं, पण सर्टिफिकेट मिळेलच असं नाही.

उंबराचं_फूल
नाना, तुमचा राग नाही आला, माझे वडीलही हेच म्हणाले असते. फक्त मी मिसळते म्हणजे काय करते ते सांगते.

माझ्याकडे एक वही आहे. फोन करायचा असला की आधी त्यात लिहून काढते. "नमस्कार, मी अमुक बोलतेय, आता बोलायला वेळ आहे का?" समोरचा हो म्हणाला तर पुढचं वाक्य, नाही म्हणाला तर वेगळं. गॅसवाल्याला फोन करायचा तरी लिहिते. लग्नातला उखाणा तीन आठवडे पाठ केला होता, सगळ्यांना वाटलं उत्स्फूर्त आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघता येत नाही म्हणून भुवयांच्या मधे बघते, कोणाला टिकली तिरकी लागलीय ते मला सगळ्यात आधी दिसतं.

लोकांना वाटतं मला गर्दीचा त्रास होतो. गर्दीचा असा नाही. रोज ८.१४ च्या लेडीज डब्यात मी उभ्याने जाते, बांगड्या, गजरे, कोणाचा तरी डबा उघडलेला, कानात प्लग घालते आणि चालतं. कारण तिथे नियम आहे! "कुठे उतरणार?" "ठाणे." "मग मला द्या." झालं, सीट माझी, पुढे बोलायची गरज नाही. ज्या बाईशी सहा वर्षं हे एवढंच बोलतेय तिच्याइतकं सोपं नातं माझं जगात कोणाशी नाही. याउलट हळदीकुंकू. आत्ता निघायचं का, अजून पाच मिनिटं बसायचं, "बसा हो" म्हणाल्या ते खरं की म्हणायचं म्हणून, साडी छान आहे असं मी आधी म्हणायचं की त्या म्हणाल्यावर, आणि वाण कुठे ठेवायचं. तिथून घरी आले की मी पंखा बंद करून अंधारात आडवी. मुलगी म्हणते आईची बॅटरी गेली. तिला कोणी शिकवलेलं नाही, तिनेच नाव ठेवलं.

वेलदोडा
मी ६३. सांगलीकडची, शिक्षिका होते, आता निवृत्त. हा धागा काल रात्री दोनदा वाचला आणि झोप नाही. मंगळागौरीत बाकीच्या फुगड्या घालायच्या आणि मी कोणी न सांगता स्वयंपाकघरात वाटली डाळ ढवळत बसायचे, सगळे म्हणायचे किती कामसू सून. ३४ वर्षं वर्गात उभी राहिले, खडू हातात असला की मला सगळं येतं, पण स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत काय बोलायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून मधल्या सुट्टीत वह्या तपासायचे. उत्तम शिक्षिका म्हणून नाव झालं त्या वह्यांमुळे. आता या वयात तपासून काय करू? करू का?

बिनसाखरेचा_चहा
ताई, औषध असं यावर काही नाही, त्यामुळे घाईही नाही. स्वतःला उत्तर हवं असेल तर जरूर करा, नको असेल तर नका करू. मोठ्यांचं निदान करणाऱ्यांकडेच जा फक्त, आणि लहानपणाचं सांगू शकणारं कोणी असेल तर सोबत न्या. बहीण वगैरे आहे का?

वेलदोडा
मोठी बहीण आहे इचलकरंजीला. ती माझ्याहून वेगळी आहे असं आत्तापर्यंत वाटत होतं. 🙂

पिल्लूची_आई
सगळ्यांचं वाचलं. कडवट लिहिणार आहे, आधीच माफी.

माझी मुलगी १६ वर्षांची आहे. मोजून पंधरा-वीस शब्द बोलते. तुम्ही वहीत वाक्यं लिहिता ना, मी तिला पॅड बदलायला शिकवण्यासाठी एक वर्ष घालवलं. पाळी यायच्या आधीपासून, रोज पॅड लावून बसायची सवय, मग त्यावर लाल रंगाचं पाणी टाकून दाखवायचं, बाथरूमच्या दारावर सहा चित्रं क्रमाने. ब्रँड बदलला तर काढून फेकते, म्हणून बारा पाकिटं एकदम आणून ठेवते. आणि या सगळ्यात नातेवाईक काय सल्ला देतात माहितीये, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. १९९४ ला शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या काढल्या होत्या पुण्यात नेऊन, केवढं गाजलं होतं, त्यानंतर इतकी वर्षं गेली तरी लोक मला चहा पिता पिता हे सुचवतात. मी गेल्यावर हिचं कोण करणार हा माझा रोजचा प्रश्न आहे. आणि इथे सासूबाईंना सांगू का हा प्रश्न. दोन्हीला एकच शब्द कसा? मला खरंच कळत नाही.

कर्दळ
🙏 काय लिहावं सुचत नाही.

उंबराचं_फूल
पिल्लूची आई, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. तुलना नाहीच. तुमच्या घरात जे आहे त्यातलं दहा टक्के मला झेपणार नाही. शब्द एकच का हे मीही डॉक्टरांना विचारलं होतं, त्या म्हणाल्या मदत किती लागते ते वेगळं, बाकी आतली जडणघडण जवळची आहे. मला ते पटलं की नाही सांगता येत नाही.

एक मात्र विचारते, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. ती जुना ब्रँड का फेकत नाही आणि नवा का फेकते ते मला बहुतेक माहितीये. पंख असतात ना बाजूला, त्यांच्या कडेला जी चिकटवलेली शिवण असते ती काहींची टणक असते, बसलं की मांडीला सतत कोणीतरी नखाने कुरतडतंय असं होतं. बाकीच्यांना चार मिनिटांनी विसरायला होतं, मला दिवसभर नाही. मी गेली पाच वर्षं कापडी वापरते, जुन्या सुती साडीचे, घरीच शिवलेले. आणि नवीन कपडा चार वेळा धुऊन मगच अंगाला लावते.

पिल्लूची_आई
कडेची शिवण. हे मला एका थेरपिस्टने सांगितलं नाही. आत्ता जाऊन बघितलं, दोन्ही ब्रँड शेजारी ठेवून. हो. टणक आहे.
विपू (विचारपूस, म्हणजे तुम्हाला वेगळा निरोप) करते.

डबल_बेल
मी नवरा गटातला. बायकोला दोन वर्षांपूर्वी कळलं. आमच्यात एकच गोष्ट बदलली, पण तिने ८० टक्के भांडणं गेली (हा आकडा माझ्या मनाचा आहे, पुरावा मागू नका). पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी सांगायचं, किती वाजता येणार, आणि मुख्य म्हणजे किती वाजता जाणार. जायची वेळ माहीत असली की ती येण्याचं सगळं निभावते. माझ्या मित्रांना आता सवय झालीय, दारातच सांगतात, "वहिनी, साडेनऊला निघतो." रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), सासूबाईंना रोगाचं नाव सांगूच नका. काय लागतं ते सांगा. माझ्या आईला ऑटिझम कळला नसता, "हिला मिक्सरचा आवाज सोसत नाही, चटणी ती बाहेर गेल्यावर कर" एका मिनिटात कळलं. अर्थात त्यावर आई म्हणाली, "मलाही कुठे सोसतो."

निवृत्त_नाना
हे शेवटचं पटलं. मिसेसलाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या तुम्ही टीव्हीचा आवाज कमी करा आधी.

उंबराचं_फूल
सांगितलं.

रविवारी दुपारी आई मेथी निवडत बसल्या होत्या, मीही बसले. वहीत सहा ओळी लिहिल्या होत्या. नाव सांगितलं आणि काय लागतं तेही. त्यांनी मेथी थांबवली नाही. म्हणाल्या, "म्हणजे वेड नव्हे ना?" म्हटलं नाही. "तुझ्या आईने लग्नाच्या वेळी सांगितलं नाही ते." म्हटलं आईला अजूनही माहीत नाही. मग बराच वेळ देठं मोडायचा आवाज फक्त. शेवटी म्हणाल्या, "ऋचाचं लग्न पार पडेस्तोवर बाहेर बोलू नकोस. तिच्या सासरची माणसं कशी आहेत ठाऊक नाही." 

खोटं सांगत नाही, ते लागलं. मी म्हणजे लपवायची वस्तू. पण भांडले नाही. भांडणाचं वाक्य लिहून नेलं नव्हतं.

कर्दळ
अरे देवा. म्हटलं होतं ना. 😞 लग्नानंतर नक्की लिहा काय झालं.

उंबराचं_फूल
धागा वर काढतेय. लग्न झालं परवा.

तर ऐका. पाहुणे यायला लागले त्या दिवशी सकाळीच आईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की देवक आतल्या खोलीत बसवलंय, तिथे कोणी लुडबुडायचं नाही, पिशव्या ठेवायच्या नाहीत, मुलांनी फिरकायचं नाही, तिथला नंदादीप ही सांभाळणार. आणि दर दोन-तीन तासांनी मला हाक, "अगं, समईत तेल बघ." तेल भरलेलं असायचं. मी दार लावून खाली बसायचे, वीस मिनिटं, कधी अर्धा तास, समोर वात, बाहेर वीस माणसं. मावससासूबाई म्हणाल्या, "किती मनापासून करते हो देवाचं." बाथरूममध्ये बसले तर शिष्ट आणि देवासमोर बसले तर मनापासून, असो.

सगळं छान झालं असं नाही. वरातीचा डीजे सुरू झाला तेव्हा प्लग असूनही गेलेच मी, हातपाय गार, बोलता येईना, मुलीने हाताला धरून रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला पत्ताही तिनेच सांगितला. व्याही मंडळींनी बघितलं. काय वाटलं असेल माहीत नाही. आईंनी सांगितलं, "उपास आहे तिचा." 

काल घर रिकामं झाल्यावर आईंनी कपाटातून एक पाकीट काढलं. त्यांची स्वतःची लग्नपत्रिका, शके १९००, घडीवर फाटलेली. म्हणाल्या, "तुझ्या त्या ट्रंकेत घाल. इथे नुसती पडलीय." ट्रंकेचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, नातीने सांगितलं असणार.

वेलदोडा
अगं मुहूर्त किती वाजताचा ते सांग की आधी!

उंबराचं_फूल
गोरज. ६ वाजून ५२ मिनिटं, रविवार १४ मे १९७८. तळाला गेली, ६.४९ आणि ६.५५ च्या मधे.